विमान शिकायला खर्च किती? पैसे भरण्याआधी प्रायव्हेट आणि कमर्शियल लायसन्समधला फरक समजून घ्या

अहिल्यानगर : कोपरगाव तालुक्यातल्या काकडीला १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डी विमानतळ सुरू झालं आणि आजूबाजूच्या गावांना विमान रोजचं झालं. आता बारावीनंतर "पायलट व्हायचंय" म्हणणारी पोरं-पोरी खेड्यातही आहेत. पण कोणतं लायसन्स कशासाठी असतं, हे नीट माहीत नसल्यामुळे पालकांचा हिशेब चुकतो. म्हणून ही माहिती.

लायसन्स कोणकोणती?

देशात विमानाचं लायसन्स डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं.

• स्टुडंट पायलट लायसन्स (एसपीएल) : वय १६ पूर्ण, दहावी पास. हे फक्त शिकण्यापुरतं.

• प्रायव्हेट पायलट लायसन्स (पीपीएल) : वय १७ पूर्ण, दहावी पास, किमान ४० तास उड्डाण.

• कमर्शियल पायलट लायसन्स (सीपीएल) : वय १८ पूर्ण, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, किमान २०० तास उड्डाण. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन.

मुख्य गोष्ट ही, की पीपीएलवर नोकरी लागत नाही. स्वतः विमान चालवता येतं, सोबत मित्र-नातेवाईक बसवता येतात, पण त्याचा एक रुपयाही मोबदला घेता येत नाही. हौस म्हणून शिकणाऱ्यासाठी ते ठीक आहे. पगार हवा असेल तर सीपीएलच करावं लागतं. भारतातलं पहिलं पायलट लायसन्स १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळालं, तेव्हाही शिकणारे बहुतेक हौशी आणि पैसेवालेच होते.

खर्चाचा ढोबळ हिशेब

फ्लाइंग स्कूलची फी तासावर ठरते. विमान आणि स्कूलप्रमाणे दर बदलतो. समजायला तासाला १५ हजार रुपये धरू.

• पीपीएल : ४० तास × १५ हजार = ६ लाख

• सीपीएल : २०० तास × १५ हजार = ३० लाख

हे झालं नुसतं उडण्याचं. ग्राउंड क्लास, मेडिकल, परीक्षा फी, रेडिओवर बोलण्याचा परवाना, युनिफॉर्म, राहणं-खाणं हे सगळं वेगळं. शिवाय ४० तास ही कमीत कमी अट आहे. बऱ्याच जणांना हात बसायला जास्त तास लागतात, आणि प्रत्येक जादा तासाचे पैसे पडतात. म्हणून पीपीएलला ८ ते १२ लाख आणि सीपीएलला ४० लाखांच्या पुढे तयारी ठेवलेली बरी. एअरलाइनमध्ये जायचं तर मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग करावं लागतं. तो खर्च पुन्हा वेगळा, आणि तोही लाखांतच.

एवढं महाग का?

चार सीटचं सेसना १७२ विमान तासाला साधारण ३० ते ३५ लिटर इंधन खातं. हे इंधन, एव्हगॅस, पंपावरच्या पेट्रोलपेक्षा वेगळं आणि महाग असतं. इंजिन साधारण २,००० तासांनी पूर्ण खोलून नवं करावं लागतं. स्पेअर पार्ट बाहेरच्या देशातून येतात. वर इन्स्ट्रक्टर आणि मेकॅनिक यांचा पगार.

जवळ कुठे शिकता येतं?

कर्जत, श्रीगोंदा, नगर भागाला बारामती सगळ्यात जवळ. उत्तरेकडच्या तालुक्यांना धुळे, शिरपूर आणि जळगाव. त्यापुढे नागपूर आणि गोंदिया. केंद्र सरकारची अकादमी उत्तर प्रदेशात फुर्सतगंजला आहे, तिथे प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

पैसा कुठून उभा करायचा?

साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. शेतजमिनीवर सरफेसी कायद्याने वसुली करता येत नाही, म्हणून बऱ्याच बँका शेती तारण घ्यायला नाखूश असतात. घर, एनए प्लॉट किंवा एफडी मागतात. त्यामुळे "सातबारा आहे, कर्ज होईल" असं धरून ॲडव्हान्स भरू नये. आधी बँकेचं मंजुरी पत्र हातात घ्यावं.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या पहिल्या गटात सीपीएलचा समावेश आहे. नेमकी रक्कम आणि अटी समाजकल्याण कार्यालयात विचाराव्यात. ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसी विद्यार्थ्यांसाठी महाज्योती संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमधून सीपीएल प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. नवीन जाहिरातीवर लक्ष ठेवावं.

पैसे भरण्याआधी हे करा

१. आधी मेडिकल. पीपीएलला क्लास टू, सीपीएलला क्लास वन लागतं. तपासणी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडेच होते. नंबर बसत असेल तर चष्मा चालतो, पण रंगांधळेपणा असेल तर गाडी तिथेच अडते. काही हजारांत जे कळतं, ते लाखो भरल्यावर कळू नये.

२. स्कूलचं नाव डीजीसीएच्या मंजूर यादीत बघा. २०२५ पासून डीजीसीए स्कूलना श्रेणीही देतं. पहिल्या यादीत सगळ्यात वरच्या श्रेणीत एकही स्कूल बसलं नव्हतं.

३. चालू विमानं किती, विद्यार्थी किती, इन्स्ट्रक्टर किती, ते तिथे शिकणाऱ्या पोरांना विचारा. विमानं कमी असली की पोरं बसून राहतात, आणि हॉस्टेलचा खर्च चालूच राहतो. पावसाळ्यातही उड्डाणं कमी होतात.

४. सगळी फी एकरकमी भरू नका. टप्प्याटप्प्याने भरा, प्रत्येक वेळी पावती घ्या. मध्येच सोडलं तर किती परत मिळेल, ते लेखी घ्या.

५. बिलात जीएसटी लावलाय का बघा. सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेनंतर डीजीसीए मान्य स्कूलचे मंजूर उड्डाण कोर्स करमुक्त असल्याचं स्पष्ट झालं आहे.

६. बारावी आर्ट्स किंवा कॉमर्स असेल तर मुक्त विद्यालयातून फिजिक्स-मॅथ्स देता येतं.

सीपीएल हातात आलं म्हणजे लगेच नोकरी पक्की असंही नाही. भरती एअरलाइनच्या गरजेवर चालते, कधी वर्ष-दोन वर्षं थांबावं लागतं, आणि कर्जाचा हप्ता त्यासाठी थांबत नाही. त्यामुळे जमीन विकायचा विचार करण्याआधी घरात बसून ट्रेनिंग, टाइप रेटिंग आणि थांबण्याचा काळ असा तिन्हींचा हिशेब एका कागदावर मांडावा.