भुंग्यांची गणती आणि सूर्यफुलाचा हिशेब

जालन्याच्या मोंढ्यात तेलबियांची पोती उतरताना पाहिली की आम्हांस हटकून एका शिलालेखाची आठवण होते. तो शिलालेख जालन्याचा नव्हे. छत्रपती संभाजीनगर ओलांडून, कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या वाटेला लागले म्हणजे सह्याद्रीच्या एका फाट्याच्या कुशीत पाटण नावाचे जुने ठिकाण लागते, तेथला तो. लेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ चा. यादवराजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी चांगदेव याने आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तेथे एक मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला उत्पन्न लावून दिले, अशी त्यात हकिकत आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात. पण देणग्यांचा तपशील आला की भाषा एकदम मराठी होते. पैशाचा व्यवहार लोकांना कळेल अशाच भाषेत लिहावा लागतो, हे तेव्हाही ठाऊक होते! पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा हिस्सा मठाला दिला होता, आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल. तेल्याच्या घाण्यावर जगणारी गणिताची शाळा, असे दृश्य आठशे वर्षांपूर्वी आपल्या डोंगरात होते.

हे आजोबा म्हणजे भास्कराचार्य. जन्म शके १०३६, इ. स. १११४, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहून पुरा केला. आपला गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड, असे त्याने स्वतः सांगितले आहे. ते कोणते यावर विद्वानांचा वाद आहे. कोणी विजापूर म्हणतात, कोणी बीड. आम्हा मराठवाड्याच्या मंडळींचा ओढा बीडकडे असतो. तो पुराव्यापेक्षा प्रेमाचाच अधिक आहे, हे कबूल केलेले बरे. पाटणचा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांपुढे आणला आणि या घराण्याची वंशावळ हाती आली.

आता भास्कराचार्याची ‘लीलावती’ उघडावी. पानोपानी निसर्ग भेटतो. भुंग्यांचा एक थवा आहे. त्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीकडे गेले, सगळ्या थव्याचे आठ-नवमांशही तिकडेच उडाले, आणि उरले एक जोडपे. त्यातला नर सुगंधाच्या लोभाने रात्री कमळात अडकून गुणगुणतो आहे, मादी बाहेरून त्याला साद देते आहे. सांग बाले, भुंगे किती? उत्तर बहात्तर. छत्तिसाचे मूळ सहा, आठ-नवमांश चौसष्ट, आणि हे दोन. दुसरीकडे बत्तीस हातांचा वेळू वाऱ्याने मोडतो आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर टेकतो. तो बारा हातांवर मोडला. मोर सापावर झेपावतो, हंस मानसाकडे निघतात.

ही गोडी दूरवर पोचली. अकबराच्या आज्ञेने फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत नेली. याच फैजीचा धाकटा भाऊ अबुल फजल. दरबारापासून दूर पडल्यावर तो काही काळ आपल्या जालन्यात राहिला होता अशी नोंद जुन्या गॅझेटिअरात आहे. येथे त्याच्या हाती भावाची ती पोथी होती की नव्हती, याविषयी आम्ही काही म्हणत नाही. पण मनात येते खरे.

पण येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे बरे नव्हे. हे निसर्गातले गणित आहे की गणिताला नेसवलेला निसर्ग? भुंग्यांच्या बाबतीत आमचे उत्तर स्पष्ट आहे: ते नुसते वस्त्र आहे. निम्मे केले तर वर्ग यावा आणि नवाने भाग जावा म्हणून बहात्तर. भुंग्यांना त्याचे सोयरसुतक नाही. भुंग्यांच्या जागी मोहरा ठेवल्या तरी उदाहरण चालेल. गोडी मात्र जाईल.

कमळाचे उदाहरण मात्र वेगळ्या जातीचे आहे. तळ्यात कमळाची कळी पाण्यावर वीतभर, म्हणजे अर्धा हात, दिसते. वाऱ्याने ती हळूहळू कलते आणि मूळ जागेपासून दोन हातांवर बुडते. पाणी किती खोल? देठ वाकला तरी लांबी तीच राहते. म्हणून उभी खोली, आडवे दोन हात आणि तिरका देठ यांचा काटकोन त्रिकोण झाला. दोहोंचा वर्ग चार. त्यातून अर्ध्याचा वर्ग पाव वजा करा, उरले पावणेचार. त्याला अर्ध्याच्या दुपटीने, म्हणजे एकाने, भागा. खोली पावणेचार हात. पाण्यात पाऊल न घालता तळ्याचा ठाव लागला! येथे मोहरा ठेवून भागणार नाही. देठ हवा, वारा हवा, पाण्याची सपाटी हवी.

आणि जे गणित खरोखर झाडाच्या अंगात मुरलेले आहे, त्याची वाट आपल्याकडे एका अनपेक्षित दारातून गेली: छंदःशास्त्राच्या. लघू अक्षराची मात्रा एक, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरेल? दोन गुरू, एक गुरू आणि दोन लघू, हे तीन प्रकारे, आणि चारही लघू. एकूण पाच. ओळीचा शेवट लघूने होईल किंवा गुरूने, म्हणून दर संख्या मागच्या दोहोंच्या बेरजेइतकी: एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा, एकवीस, चौतीस, पंचावन्न. विरहांकाने हे सांगितले, गोपाळाने सांगितले, आणि भास्कराचार्य ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहीत होता त्याच सुमारास गुजरातेत हेमचंद्राने सांगितले. इटलीच्या फिबोनाचीने सशांच्या जोड्या मोजत हीच माळ १२०२ मध्ये लिहिली, पाटणच्या लेखाच्या पाच वर्षे आधी. जगात नाव त्याचे झाले. पुढे १३५६ मध्ये नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त गाय आणि तिची कालवडी घेऊन अशीच माळ रचली. कालवड चौथ्या वर्षी विते, म्हणून तेथे मागची संख्या आणि तिच्याही दोन पायऱ्या मागची मिळवायची: दोन, तीन, चार, सहा, नऊ, तेरा.

आता एखादे भरलेले सूर्यफूल हाती घ्यावे. बियांचे फेरे एका अंगाने मोजले तर बहुधा चौतीस, उलट अंगाने पंचावन्न. फूल मोठे असेल तर पंचावन्न आणि एकोणनव्वद. पिंगलाच्या शिष्यांचे आकडे येथे कोणी पेरले? कोणीच नाही. कोवळ्या टोकाशी नवा अंकुर जुन्यांपासून सर्वांत मोकळ्या जागी फुटतो, हे होफमाइस्टरने १८६८ मध्ये सांगितले. तो मागच्या अंकुराशी सुमारे साडेएकशेसदतीस अंशांचा कोन करतो. कोन एकशेवीस असता तर बिया तीन ओळींत बसून मधली जागा ओस पडली असती. या कोनाला सोप्या अपूर्णांकात बसवता येत नाही, म्हणून कोठेही फट राहत नाही. १९९२ मध्ये द्युआदी आणि कूदे या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एकमेकांना दूर लोटणारे चुंबकी द्रवाचे थेंब थाळीत टाकले, तर तेच फेरे उमटले. थेंबांना ना बीज, ना जीव.

मात्र उत्साहाच्या भरात जिकडे तिकडे हीच माळ पाहणाऱ्यांना आपली मोसंबी सोलून दाखवावी. फोडी दहा भरतील, अकरा भरतील. त्या माळेत यायला तयार नसतात. सूर्यफुलेही सगळी आज्ञाधारक नसतात. पुष्कळ मोजली की काही चुकार निघतातच.

भास्कराचार्याला मोह आवरला नाही तो भुंग्यांचा. पण त्याच ‘लीलावती’त वर्तुळातल्या सुसम बहुकोनांच्या बाजू दिल्या आहेत, व्यास एक लाख वीस हजार धरला तर षट्कोनाची बाजू बरोबर साठ हजार. मधमाशीच्या पोळ्याचे घर याच आकाराचे. पुस्तक एक, पण पोळ्याची आणि षट्कोनाची त्यात गाठ पडलेली नाही. थोड्यात थोडे मेण घालून सारख्या क्षेत्राची घरे करायची तर षट्कोनच हवा, याची पुरी सिद्धता हेल्सने १९९९ मध्ये दिली.

सूर्यफूल त्याने पाहणे शक्यच नव्हते. ते अमेरिकेतून फार पुढे आले. पाटणच्या घाण्यांतून निघणारे तेल तिळाचे किंवा करडईचे असावे. करडई सूर्यफुलाच्याच कुळातली, आणि तिच्या फुलोऱ्यातही अशीच दाटी. तेव्हा एका शेतात थांबून आम्ही तिचे बोंड मोजायला घेतले, सातव्या-आठव्या फेऱ्यापाशी काटा बोटात गेला, आणि शेतमालक हसत म्हणाला, “मास्तर, माघात आला असता तर एवढी टोचली नसती, आता पार वाळली.”