अनंत फंदी : अपकीर्ती आणि काव्याचा वारसा

कलावंताच्या खाजगी आयुष्याविषयीच्या प्रवादाने त्याची कला झाकोळली जाते काय, हा प्रश्न मराठी शाहिरीच्या अभ्यासात वारंवार उपस्थित होतो. संगमनेरच्या अनंत फंदीचे (१७४४–१८१९) उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. त्याची कीर्ती लोपली नाही हे उघड आहे. परंतु त्याच्या रचनेपैकी काय टिकले आणि काय मागे पडले, याचा विचार मात्र क्वचितच झाला आहे.

घोलप आडनावाच्या या ब्राह्मणाने डफ-तुणतुण्याच्या साथीने तमाशाचा फड गाजविला, आणि मलिक फंदी नावाच्या फकिराशी स्नेह जोडला, असे परंपरा सांगते. उत्तर पेशवाईतील ब्राह्मणी समाजाच्या दृष्टीने ही दोन्ही कृत्ये दूषणास्पद होती. तथापि फंदीचा समकालीन शाहीर होनाजी याने त्याच्या कवित्वाची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. म्हणजे अपकीर्तीचा उगम फडात नव्हता, फडाबाहेर होता.

या अपकीर्तीला भाषेनेही हातभार लावला. मराठीत ‘फंद’ म्हणजे नाद, व्यसन किंवा कपट. ‘छंदीफंदी’, ‘फंदात पडणे’, ‘फंदफितुरी’ हे सर्व प्रयोग निंदाव्यंजक आहेत. साहजिकच ‘अनंत फंदी’ हे नाव ऐकताच ऐकणाऱ्याला त्यात शीलाविषयीचा निवाडा ऐकू येतो. परंतु परंपरेप्रमाणे हे नाव त्याला मलिक फंदीच्या संगतीने मिळाले. त्याच्या साथीदारांपैकी इतरांच्या नावांपुढेही ‘फंदी’ हे पद आढळते, आणि पुढे त्याचा मुलगा ‘सवाई फंदी’ म्हणून ओळखला गेला. ‘सवाई’ हे विशेषण दुर्गुणापुढे कोणी अभिमानाने लावीत नाही. येथे ‘फंदी’ हे फडाचे, आणि पुढे घराण्याचे, मानाचे नाव झालेले दिसते. सामान्यनामाचा अर्थ विशेषनामावर लादला गेल्याने चरित्राचा अर्धा भाग जणू आधीच लिहिला गेला.

उरलेला अर्धा भाग पश्चात्तापाच्या कथेने लिहिला. अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांनी उपदेश केला आणि फंदीने तमाशा सोडून कीर्तन स्वीकारले, अशी ही कथा आहे. जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्याबाईंचे जन्मस्थान. संगमनेर आणि चौंडी ही दोन्ही गावे आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्यात मोडतात. अहिल्याबाईंचे निधन ऑगस्ट १७९५ मधील. उपदेश घडला असेल तर तो त्यापूर्वीच घडला पाहिजे. आणि त्यानंतर फंदी किमान चोवीस वर्षे जगला. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावाचा मृत्यू झाला, व त्यावर फंदीने ‘माधवनिधन’ रचले. त्याच्या उत्तरायुष्यातील कवित्वाचा हा निश्चित पुरावा होय. लावण्यांवर मात्र रचनेचा शक नसतो. त्या फडांतून तोंडी चालत आल्या. त्यामुळे सगळ्या लावण्या पूर्ववयातील आणि सगळा उपदेश उत्तरवयातील, ही विभागणी केवळ कथेच्या आधारावर उभी आहे.

सोलापूरच्या राम जोशीच्या चरित्रातही हाच साचा दिसतो. भाऊ मुद्गल याने घराबाहेर काढणे, पंढरपुरातील अध्ययन, मोरोपंतांशी संबंध आणि अखेर कीर्तन, असा तो क्रम. १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटापर्यंत तो लोकप्रिय राहिला. दोन निरनिराळ्या शाहिरांच्या आयुष्याला एकच वळण लाभते, तेव्हा ते वळण समाजाच्या गरजेतून आले असण्याचा संभव ध्यानात घ्यावा लागतो.

ही गरज श्रोत्यांची होती असे दिसत नाही. नेवासे तालुक्यातील घोडेगाव जनावरांच्या बाजारासाठी व घोडेश्वरी देवीच्या स्थानासाठी प्रसिद्ध आहे. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली ते नेवासे त्याच तालुक्यात. अशा मुलखात देवळातले कीर्तन ऐकणारा शेतकरी आणि जत्रेत तमाशाला बसणारा शेतकरी हे दोन वेगळे समाज नव्हते. गरज होती ती छापील ग्रंथांच्या वाचकाची. अ‍ॅकवर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तो इतिहासप्रसिद्ध व्यक्तींच्या निमित्ताने. फंदीचा व्यवहारोपदेशाचा फटका क्रमिक पुस्तकांतून पिढ्यानपिढ्या पाठ झाला. लावणी मात्र संशोधकाच्या वाट्याला राहिली.

येथे एक भेद केला पाहिजे. नेपल्सच्या कार्लो जेसुआल्दोने १५९० मध्ये पत्नीची व तिच्या प्रियकराची हत्या घडवली. त्याची मॅड्रिगल गीते ऐकताना त्या रक्ताचे विस्मरण होऊ देणे योग्य नव्हे, कारण तेथे अन्याय झालेली माणसे आहेत. फंदीच्या बाबतीत दुखावली गेली ती केवळ जातीची व वृत्तीची प्रतिष्ठा. दोन्हींना ‘बदनामी’ हा एकच शब्द लावला की विवेक सुटतो.

तात्पर्य, अपकीर्तीने अनंत फंदीचे नाव पुसले नाही. तिने त्याच्या रचनेची निवड केली, आणि पश्चात्तापाच्या कथेने ती निवड समर्थनीय ठरविली. फंदी क्षम्य ठरला, पण त्या क्षमेची किंमत त्याच्या लावणीने दिली. त्याच्या समग्र रचनेचा भाषिक व छंदोविषयक अभ्यास हाती घेताना ही कथा बाजूस ठेवून, लावणी, पोवाडा व फटका ही एकाच कवीची वाणी मानूनच आरंभ केला पाहिजे.