नाव ठेवण्याची किंमत

स्मरणिकेसाठी लेख हवा असा निरोप आला, तेव्हा ‘ही कॉम्प्युटरवरच लिहिणार’ असं बऱ्याच जणांना वाटलं असेल. पण इंजिनिअरिंगला गेले तरी शाळेत लागलेली इतिहासाची गोडी सुटली नाही. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त आयर्लंडमध्ये राहिले आणि तिथे प्राचीन केल्ट लोकांच्या कवींविषयी वाचू लागले. त्यातलं एक कलम वाचून मला आपला वर्ग आठवला.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आजच्या फ्रान्सपासून आयर्लंडपर्यंत केल्टिक भाषा बोलणारे लोक राहत. ग्रीक लेखक स्ट्रॅबोने त्यांच्यातले तीन मानाचे वर्ग सांगितले आहेत: ड्रुइड, भविष्यवेत्ते आणि बार्ड, म्हणजे गाणारे कवी. डायोडोरस लिहितो, की हे बार्ड वीणेसारखं वाद्य वाजवत कुणाची स्तुती करत, तर कुणाची निंदा. दोन्ही त्यांचीच कामं. राजाचा पराक्रम लोकांच्या तोंडी राहायचा तर कवी हवाच. म्हणून राजे त्याला सोनं देत, आणि त्याला वचकूनही असत.

आयर्लंडमध्ये ही परंपरा फार काळ टिकली. तिथे विद्वान कवीला ‘फिली’ म्हणत. बार्डचा दर्जा त्याखालचा. फिलींच्या सात पायऱ्या होत्या. सर्वांत वरच्या ‘ओलाव’चा मान एका छोट्या राज्याच्या राजाइतका असे.

तिथल्या एका पुराणकथेत ब्रेस नावाच्या कंजूष राजाकडे कवी पाहुणा येतो. त्याला मिळते एक अंधारी खोली, ना शेकोटी, ना बिछाना, आणि खायला तीन कोरड्या भाकऱ्या. सकाळी उठून तो राजावर निंदाकाव्य रचतो आणि तिथून राजाची उतरती कळा सुरू होते.

पण शब्दाला एवढी धार असेल, तर तिला आवरही हवा. सातव्या-आठव्या शतकात लिहिल्या गेलेल्या आयरिश कायद्यांत माणसाच्या प्रतिष्ठेची किंमत त्याच्या दर्जाप्रमाणे ठरलेली असे. निंदा निमूट सोसणारा राजा ती गमावून बसे. आणि विनाकारण निंदा करणाऱ्याला समोरच्याची ती पूर्ण किंमत भरावी लागे. अशा निंदेत काय काय मोडतं? रूपाची टवाळी करणं, शारीरिक व्यंग चारचौघांत उघड करणं, दुसऱ्याने रचलेली निंदा पुन्हा म्हणून दाखवणं आणि कायमचं चिकटेल असं टोपणनाव ठेवणं.

या शेवटच्या कलमाशी मी थांबले. नववीच्या स्नेहसंमेलनातला एक फिशपाँड मी लिहिला होता, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वर्गातल्या एका मुलीच्या चालण्यावरून मी तिला नाव ठेवलं. सगळा हॉल हसला. ते नाव तिला दहावीच्या निरोप समारंभापर्यंत चिकटलं. तुमच्यापैकी अनेकांना ते आठवेल, पण मी इथे लिहिणार नाही. त्या कायद्याप्रमाणे पुन्हा उच्चारणं हाही गुन्हाच.

अन्यायाने केलेल्या निंदेचा डाग स्तुतीने धुता येतो, असंही ते लोक मानत. म्हणून हे लिहिते. दहावीच्या भूमितीच्या पेपरला माझी कंपासपेटी घरी राहिली होती. मी रडत होते, बाकीच्या मैत्रिणी शेवटची उजळणी करत होत्या. ती काही न बोलता फाटकाबाहेरच्या दुकानात गेली आणि घंटा व्हायच्या आत नवा कर्कटक घेऊन आली. जाताना-येताना तीच चाल, जिच्यावर मी सगळ्यांना हसवलं होतं.

तिला हे आठवतं की नाही, ठाऊक नाही. मेळाव्याला ती येणार आहे, असं कळलंय. कर्कटकाचे पैसेही मी अजून दिलेले नाहीत. भेटल्यावर तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणार आहे. सर, बाई, मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही तसंच करा, एवढीच विनंती.