जर्मन गेली, फ्रेंच-स्पॅनिश आली : अमेरिकन शाळांमधील एक विस्मृत उलथापालथ

अमेरिकेतील माध्यमिक शाळांत परकीय भाषा म्हणून स्पॅनिश किंवा फ्रेंच शिकवली जाते, हे आज इतके स्वाभाविक वाटते की त्यामागे काही इतिहास असेल अशी शंकाही येत नाही. दक्षिणेला मेक्सिको, उत्तरेला फ्रेंचभाषक क्वेबेक. मग दुसरे काय शिकवणार? पण शतकापूर्वीच्या वर्गात डोकावले, तर चित्र निराळे दिसते. त्याविषयी हा थ्रेड.

१९१५ साली तिथल्या सार्वजनिक माध्यमिक शाळांतील दर शंभर विद्यार्थ्यांपैकी सुमारे २४ जण जर्मन शिकत होते. फ्रेंच शिकणारे जेमतेम ९, आणि स्पॅनिश शिकणारे तीनहूनही कमी. लॅटिनचा मान अर्थात या सर्वांहून मोठा होता. पण आधुनिक भाषांत जर्मनला प्रतिस्पर्धी नव्हता.

याची कारणे उघड आहेत. विज्ञान आणि संशोधन यांची भाषा म्हणून जर्मनचा दबदबा होता. अमेरिकन विद्यापीठांनी संशोधनाची पद्धतच जर्मनीकडून घेतली होती. शिवाय सिनसिनाटी, मिलवॉकी, सेंट लुईस यांसारख्या शहरांत जर्मन वंशाचे लाखो लोक स्थायिक झालेले होते. तेथील मुलांना ती भाषा घरातूनच मिळत असे.

आता सातच वर्षांनंतरचे, १९२२चे आकडे पाहा. जर्मन ०.६ टक्के. फ्रेंच १५.५ टक्के. स्पॅनिश ११.३ टक्के. शालेय शिक्षणाच्या इतिहासात एवढी झपाट्याची पडझड क्वचितच आढळते.

मधल्या काळात काय घडले, हे सांगायला नकोच. एप्रिल १९१७मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध महायुद्धात उतरली आणि शत्रूची भाषा हीच शत्रू ठरली. १९१८मध्ये विस्कॉन्सिनमधील बाराबू या गावी शाळेतील जर्मन पुस्तकांची होळी करण्यात आली. राखेशेजारी रस्त्यावर खडूने मजकूर लिहिला गेला : आमच्या शाळेतील जर्मनचे अवशेष येथे आहेत. त्याचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे.

आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग तर आणखी पुढे गेले. मे १९१८च्या त्यांच्या फर्मानाने शाळा, सार्वजनिक जागा, धर्मप्रवचने, इतकेच काय टेलिफोनवरील संभाषणातही इंग्रजीखेरीज इतर सर्व भाषांना मनाई केली. ज्या फ्रान्ससाठी अमेरिकन तरुण खंदकांत लढत होते, त्याची भाषाही या मनाईतून सुटली नाही!

रिकाम्या झालेल्या जागेवर दोन भाषांनी हक्क सांगितला. फ्रेंचला फारसे श्रम पडले नाहीत. मित्रराष्ट्राची भाषा ही पुण्याई पुरेशी होती. स्पॅनिशला मात्र वकिली करावी लागली, आणि तिला लॉरेन्स विल्किन्स हा खंदा वकील मिळाला. न्यूयॉर्क शहरातील माध्यमिक शाळांच्या आधुनिक भाषा विभागाची सूत्रे त्याच्याकडे होती. डिसेंबर १९१७मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचा तो पहिला अध्यक्ष झाला. जर्मनला शाळेबाहेर काढावे, या मताचा तो उघड पुरस्कर्ता होता.

स्पॅनिशच्या बाजूने मांडला जाणारा मुख्य मुद्दा व्यापाराचा होता. १९१४मध्ये पनामा कालवा खुला झाला होता आणि युद्धामुळे दक्षिण अमेरिकेच्या बाजारपेठेतून जर्मन माल हटला होता. युक्तिवाद प्रभावी होता, पण त्याची किंमतही मोजावी लागली : सोपी, व्यापाऱ्यांच्या उपयोगाची भाषा हा शिक्का स्पॅनिशवर बसला. सर्व्हान्तेसची भाषा हिशेबाच्या वहीपुरती उरावी, याचे तिच्या अभ्यासकांना वैषम्य वाटले तर नवल नाही.

आणि शिक्षकांचे काय? ज्यांचे सारे आयुष्य गटे आणि शिलर शिकवण्यात गेले, त्यांतील अनेकांना पोटासाठी घाईघाईने स्पॅनिश शिकून तीच शिकवावी लागली. या माणसांविषयी इतिहासग्रंथांत मोजक्याच ओळी सापडतात.

याच काळातील टेक्सासचा कायदा मला सर्वांत बोलका वाटतो. १९१८च्या या कायद्याने शाळेत इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून शिकवणे हा शिक्षकासाठी गुन्हा ठरवला. मात्र माध्यमिक वर्गांत स्वतंत्र विषय म्हणून परकीय भाषा शिकवण्यास मुभा ठेवली. म्हणजे मेक्सिकन घरातील मुलाने पहिलीत स्पॅनिशमधून धडा घेणे बेकायदा, आणि इंग्रजीभाषक मुलाने पुढे व्याकरणाच्या पुस्तकातून तीच भाषा गिरवणे हे शिक्षण.

नेब्रास्काच्या १९१९च्या कायद्यातही आठवी उत्तीर्ण होण्यापूर्वी परकीय भाषा शिकवण्यास बंदी होती. रॉबर्ट मेयर या शिक्षकाने १९२०मध्ये दहा वर्षांच्या मुलाला बायबलमधील कथा जर्मनमध्ये वाचायला शिकवली. त्याला २५ डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ४ जून १९२३ रोजी न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला. केवळ जर्मन भाषा येणे हानिकारक मानता येत नाही, असे न्या. मॅकरेनॉल्ड्स यांनी बहुमताच्या निकालात नमूद केले.

एक दुरुस्ती मात्र करायला हवी. जर्मनची जागा फ्रेंच आणि स्पॅनिशने घेतली, हे विधान पुरते खरे नाही. १९१५मध्ये या तीन भाषा शिकणारे मिळून सुमारे ३६ टक्के होते, १९२२मध्ये २७. शाळांतील एकूण पटसंख्या या वर्षांत भराभर वाढली, हे त्याचे एक कारण आहेच. तरीही जर्मन सोडणाऱ्या प्रत्येकाने दुसरी भाषा धरली, असे म्हणता येत नाही.

न्यायालयाने दिलेला हक्क वर्गात फारसा उतरला नाही. निकालानंतर पाच वर्षांनी, १९२८मध्ये फ्रेंच शिकणारे १४ टक्के होते, स्पॅनिश शिकणारे ९.४ आणि जर्मन शिकणारे १.८.