तळटीप : अकोल्याचे अंबादास

४. अंबादास खोब्रागडे (१९२२–२०१२). जन्म अकोल्याचा, कलाविश्वात मात्र नुसत्या ‘अंबादास’ या नावानेच परिचित. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण, पुढे विणकर सेवा केंद्रात नोकरी. १९६२ मध्ये भावनगरला जयंत पंड्या यांच्या घरी स्थापन झालेल्या ‘ग्रुप १८९०’ या कलावंतांच्या गटाचे ते संस्थापक सदस्य. घराचा क्रमांक हेच गटाचे नाव झाले. स्वामीनाथन, जेराम पटेल, हिम्मत शाह हे त्यांचे सोबती. गटाचे एकमेव प्रदर्शन १९६३ मध्ये दिल्लीत भरले. उद्घाटन पंडित नेहरूंनी केले, पुस्तिकेची प्रस्तावना मेक्सिकन कवी ओक्ताव्यो पाझ यांची.

लेखकाने वर त्यांच्या चित्रांत ‘माणसे दिसतात’ असे म्हटले आहे. दिसू शकतात; पण अंबादास यांनी आकृती मनात धरून रंग लावला नाही. पातळ केलेल्या तैलरंगाचा रुंद फटकारा कॅनव्हासभर वळत जातो. जवळून पाहावे तर त्याच्या आत रंग पुरते मिसळलेले नसतात, बारीक शिरांसारखे वेगवेगळे वाहतात. त्यालाच कोणी नदी म्हणते, कोणी साल, कोणी देह. वऱ्हाडच्या काळ्या मातीशी या चित्रांचा थेट संबंध जोडण्याचा मोह आम्हांला पटत नाही. मातीचे चित्रण त्यांनी केले नाही. रंगालाच वाहू दिले, आणि हे धाडस फार मोठे आहे.

१९७२ पासून ते नॉर्वेत राहिले. निधन ऑस्लोत झाले. अकोला-अमरावतीच्या कलाशिक्षकांनी हे नाव वर्गात आवर्जून सांगावे. — संपादक