गाजराची पुंगी आणि गेलेली स्क्रीन

मंडळी, "लॅपटॉपची स्क्रीन गेली" हे वाक्य आपण ज्या सहजपणे बोलतो ना, तिथेच सगळा घोळ सुरू होतो. दुकानदारही तितक्याच सहजपणे मान डोलावतो, "हो साहेब, बदलावी लागेल" म्हणतो आणि नव्या पॅनेलचा भाव सांगतो. पण स्क्रीन नावाची एक वस्तू मुळात अस्तित्वातच नाही. ती पाचसहा वेगवेगळ्या शोधांची चळत आहे. हे शोध वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या दशकांत लागले आणि मग एकावर एक रचले गेले. आणि गंमत म्हणजे स्क्रीन बिघडते तीही याच सांध्यांवर. त्यामुळे बिघाड शोधायचा म्हणजे थोडा इतिहासच वाचायचा.

आमच्या धंद्यात बग शोधताना आपण काय करतो? प्रोग्रॅमचे दोन भाग पाडतो आणि चूक कुठल्या अर्ध्यात आहे ते बघतो. इथेही तेच. पहिला छेद सगळ्यांना माहीत असतो: बाहेरचा मॉनिटर जोडा. तिथेही चित्र फाटकं, रंगीबेरंगी ठिपक्यांचं दिसलं तर पडदा बिचारा निर्दोष आहे, दोष आत ग्राफिक्सच्या चिपमध्ये किंवा मदरबोर्डवर. याचं सर्वात गाजलेलं उदाहरण २००८ चं. त्या वर्षी जुलैमध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं, की लॅपटॉपमधल्या आपल्या काही चिप्सच्या पॅकेजिंगचं साहित्य कमकुवत निघालंय आणि त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढतोय. चिप तापते, थंड होते, पुन्हा तापते, आणि एक दिवस आतला जोड तडकतो. लोक मग मदरबोर्ड काढून चक्क ओव्हनमध्ये भाजायचे! काही दिवस चालायचाही. (दुरुस्ती म्हणून हा प्रकार मला कधीच पटला नाही. ज्या ओव्हनमध्ये बोर्ड भाजला त्यात पुन्हा केक करायचा की नाही, हा प्रश्न वेगळाच.)

बाहेरच्या मॉनिटरवर चित्र स्वच्छ आलं तर दुसरी पायरी. खोलीत अंधार करा, लॅपटॉप चालू करा आणि काळ्या पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुष्कळदा आत अंधूक, भुतासारखा डेस्कटॉप दिसतो. आयकॉन दिसतात, माउस हलतो. म्हणजे चित्र आहे, उजेड नाही.

पण चित्र उजेडाशिवाय असू कसं शकतं? या प्रश्नासाठी थेट १८८८ सालात आणि गाजरांपर्यंत जावं लागतं. प्रागमधला फ्रीडरिश रायनित्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ. गाजरातून मिळणाऱ्या कोलेस्टेरॉलच्या जातीच्या पदार्थांवर त्याचं काम चाललं होतं. त्यातला एक पदार्थ १४५.५ अंशांना वितळला, पण गढूळ राहिला आणि १७८.५ अंशांना एकदम नितळ झाला. एकाच पदार्थाचे दोन वितळणबिंदू! त्याने जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ऑटो लेहमान याला पत्र लिहून नमुने पाठवले. लेहमानने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर द्रवासारखं वाहणारं पण प्रकाशाशी स्फटिकासारखं वागणारं काहीतरी दिसलं. द्रवस्फटिक, लिक्विड क्रिस्टल. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं बहुतेकांच्या लेखी ही प्रयोगशाळेतली एक गंमतच होती.

१९६० च्या दशकात अमेरिकेत आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हाइलमायर आणि सहकाऱ्यांनी या द्रवाला विजेचे झटके देऊन बघितले. वीज दिली की पारदर्शक थर दुधाळ व्हायचा. २८ मे १९६८ ला आरसीएने पत्रकारांना बोलावून हे दाखवलं. भिंतीवर टांगायचा टीव्ही येणार म्हणून चर्चा झाली. पण कंपनीचा पैसा येत होता काचेच्या पिक्चर ट्यूबमधून, त्यामुळे उत्साह बेताचाच. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली! तिथलाच वोल्फगांग हेलफ्रिश दुसरी कल्पना घेऊन हाइलमायरकडे गेला होता: द्रवाचे रेणू दोन काचांमध्ये पिळून ठेवायचे आणि दोन्ही बाजूंना पोलरायझर लावायचे. (पोलराइज्ड गॉगलची काच असते ना, तीच.) हाइलमायरला दोन पोलरायझर वापरणं पसंत नव्हतं. हेलफ्रिश स्वित्झर्लंडला हॉफमान-ला रोशमध्ये गेला आणि १९७० च्या डिसेंबरमध्ये त्याने मार्टिन शाट याच्याबरोबर या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. अमेरिकेत जेम्स फर्गसनही त्याच सुमारास तिथे पोचला आणि पेटंटचं भांडण व्हायचं ते झालंच.

आपल्या कामाचा मुद्दा असा, की हा थर स्वतः प्रकाश देतच नाही. तो नुसता तोटीचं काम करतो. वीज नसेल तर रेणूंच्या पिळाबरोबर प्रकाशही वळतो आणि दुसऱ्या पोलरायझरमधून बाहेर पडतो. वीज दिली की पीळ उलगडतो आणि प्रकाश अडतो. मागचा दिवा विझला तरी तोट्या आपापल्या जागी उघडझाप करतच राहतात. टॉर्चच्या उजेडात दिसतात त्या याच तोट्या.

सुरुवातीला तर मागे दिवाच नव्हता. शार्पने १९७३ मध्ये ईएल-८०५ हा द्रवस्फटिकाचा कॅल्क्युलेटर आणला, तो एका पेन्सिल सेलवर शंभर तास चालायचा. उजेड खोलीतला वापरायचा, सेल फक्त तोट्या फिरवायला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे आणि सहकाऱ्यांनी नवे रेणू तयार केले, सायनोबायफिनाइल. आधीचे काही पदार्थ हवेतल्या ओलाव्यानेच नासायचे. ग्रे यांचे रेणू नसते तर कोकणातल्या पावसाळ्यात एकही डिजिटल घड्याळ टिकलं नसतं, असं मी म्हणेन.

लॅपटॉपला मात्र खोलीचा उजेड पुरला नाही. डेटा जनरल वन १९८४ मध्ये पूर्ण २५ ओळींचा पडदा घेऊन आला आणि तो नीट वाचता येत नाही म्हणून लोकांनी नावं ठेवली. मग मागे दिवा आला आणि त्याबरोबर दुखण्यांचं एक नवं खातं उघडलं. बरीच वर्षं हा दिवा म्हणजे काडीएवढी बारीक फ्लुरोसंट नळी होती. आपल्या ट्यूबलाइटचीच धाकटी बहीण. तिला पेटायला शेकडो व्होल्ट लागतात आणि लॅपटॉपमध्ये असतात १२ ते २० व्होल्ट. म्हणून मध्ये इन्व्हर्टर नावाची एक चिंचोळी पट्टी. टॉर्चमध्ये चित्र दिसतंय आणि उजेड अजिबात नाही, तर संशय आधी या पट्टीवर. पडदा गुलाबी-लालसर उजळून काही सेकंदांत विझतोय, तर नळी म्हातारी झाली. दोन्ही वस्तू पॅनेलच्या मानाने किरकोळ किमतीच्या. कितीतरी धडधाकट पॅनेल्स एका पट्टीपायी भंगारात गेली असतील! (जुना लॅपटॉप उघडणार असाल तर पट्टीला चालू स्थितीत हात लावू नका. झटका चांगलाच बसतो.)

२००७ च्या सुमारास एलईडी मोठ्या लॅपटॉपमध्ये शिरले आणि पुढच्या तीनचार वर्षांत नळी जवळजवळ हद्दपार झाली. पारा गेला, उच्च दाब गेला, इन्व्हर्टर गेला. टॉर्चची परीक्षा मात्र तशीच राहिली. फक्त आता संशय मदरबोर्डवर कनेक्टरजवळ असलेल्या तिळाएवढ्या फ्यूजवर जातो.

आता तिसरं लक्षण. झाकण एका कोनात ठेवलं की चित्र नीट, जरा हलवलं की गेलं. इथे गुन्हेगार बिजागरीत लपलेला असतो. १९८२ चा ग्रिड कंपास हा झाकण मिटणाऱ्या लॅपटॉपांचा मूळ पुरुष. त्याचा आराखडा बिल मॉग्रिज यांचा, तो पुढे अंतराळयानातही गेला. त्याचा पडदा द्रवस्फटिकाचा नव्हता, स्वतः पिवळसर प्रकाश देणारा होता. पण झाकण मिटायची ती पद्धत सगळ्यांनी उचलली आणि तेव्हापासून चित्र वाहून नेणारी केबल बिजागरीतून जाते. दिवसातून दहादा उघडझाप म्हटली तर वर्षाला साडेतीन हजार वेळा तिची पाठ वाकते.

केबल सुटली की काय दिसतं, हेही पडद्याच्या वयावर ठरतं. वर सांगितलेल्या पिळाच्या पडद्यात वीज नसताना तोटी उघडी, म्हणून दिवा चालू असेल तर पडदा पांढराफटक. १९९६ च्या सुमारास हिताचीने बाजारात आणलेल्या आयपीएस पडद्यात वीज नसताना तोटी बंद, म्हणून तोच बिघाड काळा दिसतो. जुन्या सवयीने "पांढरा नाही, म्हणजे केबल ठीक" म्हणणारे इथे हमखास फसतात. मधल्या काळात पिळाच्या पडद्याचाही एक दोष झाकला गेला: खालून बघितलं की रंग उलटे दिसायचे. फुजीने त्यावर एक फिल्म काढली, तिच्यात थाळीच्या आकाराचे द्रवस्फटिक रेणू होते. असे रेणू पहिल्यांदा सापडले ते आपल्या बंगळूरला! रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ते शोधून 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकात छापले. शाळेच्या पुस्तकात हे कुणी का सांगत नाही, देव जाणे.

चौथं लक्षण सगळ्यात वाईट: वरपासून खालपर्यंत एक सरळ रंगीत रेघ. १३६६ बाय ७६८ च्या साध्या पडद्यातही ३१ लाखांहून जास्त तोट्या असतात आणि प्रत्येकीला स्वतःचा ट्रान्झिस्टर. ही कल्पना पीटर ब्रॉडी यांनी १९७० च्या दशकात वेस्टिंगहाउसमध्ये राबवली. कंपनीने रस सोडला, १९७९ मध्ये ब्रॉडी बाहेर पडले. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये डंडी विद्यापीठात स्पिअर आणि लेकोंबर यांनी हे ट्रान्झिस्टर काचेवर सिलिकॉनमध्ये करून दाखवले आणि पुढचा कारखाना जपानने टाकला. त्याआधीचे ट्रान्झिस्टरशिवायचे पडदे इतके मंद होते, की माउसचा बाण हलताना दिसेनासा व्हायचा. विंडोजमध्ये बाणामागे शेपूट दाखवायची सोय त्या पडद्यांसाठी आली, ती आजही सेटिंगमध्ये आहे. बघा उघडून :)

तर ती रेघ म्हणजे काचेच्या कडेला चिकटवलेल्या वाहक पट्टीचा एखादा जोड सुटणं. चौकट दाबली की रेघ जाते, सोडली की येते. इथे सोल्डरिंगची इस्त्री चालत नाही, उष्णता आणि दाब देणारं बाँडिंग मशिन लागतं. टीव्हीच्या मोठ्या पॅनेलसाठी अशी मशिनं ठेवणारे आपल्याकडे आहेत. लॅपटॉपच्या पॅनेलला तो खर्च बहुधा परवडत नाही. इथे दुकानदाराचं "बदलावी लागेल" खरं असतं.

पण जिथे ते खरं नसतं तिथेही आता खरं होत चाललंय, आणि मला राग येतो तो याचा. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये पडदा आणि झाकण एकजीव झाले. २०१६ च्या मॉडेलमध्ये बिजागरीजवळची पातळ केबल झिजायला लागली आणि पडद्याच्या तळाशी नाटकाच्या स्टेजवरच्यासारखे प्रकाशाचे झोत दिसू लागले. केबल पडद्याचाच भाग, म्हणून केबलसाठी अख्खा पडदा बदला! ओरड झाल्यावर अॅपलने मे २०१९ मध्ये १३ इंची मॉडेलसाठी फुकट दुरुस्तीची योजना काढली. २०१८ च्या मॉडेलमध्ये आयफिक्सिटच्या लोकांना तीच केबल दोन मिलीमीटर लांब आढळली. फरक एवढाच, दोन मिलीमीटर.

उलट वाराही आहे. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीक्षमतेचे गुण छापावे लागू लागले. त्याच वर्षी फ्रेमवर्क कंपनीने पडद्याची चौकट लोहचुंबकाने बसवलेला लॅपटॉप काढला, नखाने निघते.

बाकी आपल्या घरातल्या जुन्या लॅपटॉपांसाठी एकच गोष्ट ध्यानात ठेवा. झाकणावर नाव कुणाचंही असो, आतलं पॅनेल बहुतेक वेळा एयू ऑप्ट्रॉनिक्स, एलजी डिस्प्ले, बीओई, इनोलक्स अशा मोजक्या कंपन्यांपैकी एकीचं असतं, आणि एकाच मॉडेलमध्ये दोन निरनिराळ्या कंपन्यांची पॅनेल्स निघू शकतात. त्यामुळे दुकानात लॅपटॉपचं मॉडेल सांगून पॅनेल मागू नका. चौकट काढायला सांगा आणि पॅनेलच्या पाठीवरचा नंबर स्वतः वाचा. कनेक्टर ३० पिनांचा की ४० चा, तेही तिथेच कळेल.