इग्निशन कॉईल खरंच खराब आहे का? बदलण्याआधी हे तपासा

मागच्या पावसाळ्यात खंबाटकी घाट चढताना माझी पेट्रोल गाडी झटके द्यायला लागली आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. गॅरेजमध्ये उत्तर तयार होतं, "चारही कॉईल बदलून टाका." प्रत्यक्षात खराब निघाली एकच. ती कशी शोधायची ते बघू.

कॉईल काय करते?

बॅटरीच्या १२ व्होल्टचे ती हजारो व्होल्ट करते. त्यातून प्लगच्या फटीत ठिणगी पडते. बऱ्याच नव्या पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असते. डिझेल गाडीत कॉईल नसतेच.

लक्षणं

गाडी मिसिंग मारते, उभी असताना थरथरते, पिकअप आणि मायलेज घटतं. चढावर त्रास जास्त जाणवतो, कारण इंजिनवर लोड आला की ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं.

दिवा स्थिर असेल तर गाडी लवकर तपासा. लुकलुकत असेल तर वेग कमी करा आणि सुरक्षित जागी थांबा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो खराब होतो. त्याचा खर्च कॉईलच्या कितीतरी पट असतो.

तपासणी

१. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला ब्लूटूथ स्कॅनर लावा आणि कोड वाचा. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलेंडरमध्ये मिसफायर. पी०३५२ म्हणजे दुसऱ्या कॉईलच्या सर्किटमध्ये दोष. पी०३०० आला तर मिसफायर एका सिलेंडरपुरता नाही, कारण दुसरीकडे शोधा.

२. इंजिन बंद आणि थंड असतानाच कॉईल काढा. चालू इंजिनवर कॉईल उपसू नका, जोरदार शॉक बसू शकतो.

३. रबरी बूटला तडे, आत पाणी किंवा ऑईल आहे का बघा. कनेक्टर नीट बसलाय ना, तेही तपासा.

४. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलेंडरच्या कॉईल आपसात बदला. बाकी कशालाही हात लावू नका. कोड पुसून गाडी चालवून बघा.

आता कोड पी०३०३ झाला, तर दोष कॉईलबरोबर सरकला. म्हणजे कॉईलच खराब. पी०३०२ तसाच राहिला, तर कॉईल निर्दोष. मग प्लग, वायरिंग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन तपासा.

आम्ही कोडमधला बग असाच शोधतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर नक्की कशाने फरक पडला ते कळत नाही.

नवी कॉईल टाकताना

प्लगही बघा. प्लग झिजून फट वाढली की कॉईलवर ताण येतो आणि नवीही लवकर जाते. बूटमध्ये ऑईल सापडलं असेल, तर आधी गळती थांबवा.

मी एक कॉईल आणि चार प्लग बदलले. घाट आता एका दमात चढतो.